स्वभावाचा भाव



बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही विकलं जात नाही, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. अडचण अशी, की ज्या घरात ही म्हण ऐकली त्याच घरात आपल्याला ‘मौनं सर्वार्थसाधनम्’ हेही शिकवलेलं असतं. पाहुण्यांपुढे फार बोलू नये, मोठ्यांच्या नजरेला नजर देऊ नये, आपलं कौतुक आपण करू नये. मग एके दिवशी मुलगा पदवी घेऊन पुण्याला मुलाखतीला जातो आणि समोरचे गृहस्थ पहिलाच प्रश्न टाकतात, “स्वतःबद्दल काही सांगा.” वीस वर्षं जे सांगू नको म्हणून बजावलं, नेमकं तेच आता सांगायचं असतं. आणि त्या उत्तरावर महिन्याचा पगार ठरायचा असतो.

माणसाच्या स्वभावाचा त्याच्या कमाईशी काय संबंध असतो आणि हा संबंध शहरात आणि खेड्यात एकसारखा असतो का, याविषयी आज बोलायचं आहे. मी तीस वर्षं तालुक्याच्या गावी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवलं. माझ्यासमोर बसणारी निम्मी मुलं शेतकऱ्यांची आणि शेतमजुरांची होती. त्यामुळे हा विषय मी पुस्तकात वाचला त्याहून जास्त वर्गाच्या खिडकीतून पाहिला, असं म्हटलं तरी चालेल.

इंग्रजीत ज्याला ‘सॉफ्ट स्किल्स’ म्हणतात, त्याचं आपल्याकडे ‘मृदू कौशल्यं’ असं भाषांतर झालं आहे. शब्द जरा पुस्तकी आहे. साध्या भाषेत सांगायचं तर वेळेवर येणं, दिलेला शब्द पाळणं, राग आवरणं, समोरच्याचं ऐकून घेणं, अडलं तर न लाजता विचारणं, चारचौघांत आपलं म्हणणं नीट मांडणं. यातलं एकही काम मृदू नाही. राग आवरून पाहा म्हणजे कळेल.

अर्थशास्त्रज्ञ बरीच वर्षं या गोष्टींकडे लक्ष देत नसत. शिक्षण किती आणि अनुभव किती, एवढं मांडलं की कमाईचं गणित सुटलं, अशी समजूत होती. शिकागो विद्यापीठातले जेम्स हेकमन यांनी त्या समजुतीला धक्का दिला. त्यांना २००० साली नोबेल मिळालं ते वेगळ्या संशोधनासाठी, पण सामान्य वाचकाला त्यांचं हे काम अधिक जवळचं वाटेल. अमेरिकेत शाळा अर्धवट सोडलेल्यांना ‘जीईडी’ नावाची परीक्षा देऊन शालेय पदविकेच्या तोडीचं प्रमाणपत्र मिळवता येतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, सैन्यात गेलेल्या तरुणांसाठी ही परीक्षा सुरू झाली. हेकमन यांनी असं पाहिलं, की ही परीक्षा उत्तीर्ण होणारी मुलं बुद्धीच्या चाचण्यांत शाळा रीतसर पूर्ण केलेल्यांच्या बरोबरीची असतात, पण त्यांची कमाई राहते ती शाळा सोडून दिलेल्यांच्या जवळपास. मग फरक कशाचा? चिकाटीचा, शिस्तीचा, हाती घेतलेलं काम तडीला नेण्याच्या सवयीचा. प्रमाणपत्र बुद्धीचं होतं आणि मालक पगार देत होता तो बुद्धी आणि सवयी या दोन्हींचा मिळून.

मानसशास्त्रज्ञ स्वभावाची पाच अंगं सांगतात. काटेकोरपणा, मोकळेढाकळेपणा, इतरांशी जुळवून घेण्याची वृत्ती, मनाचं स्थैर्य आणि नव्याची ओढ. यांपैकी काटेकोर माणसाचा बहुतेक कामांत फायदा होतो, हे आपल्याला कुणी संशोधन करून सांगायला नको. जुळवून घेणाऱ्यांची गोष्ट मात्र चमत्कारिक आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात असं आढळलं, की सगळ्यांशी जुळवून घेणारे पुरुष आपल्या अडेल सहकाऱ्यांपेक्षा कमी कमावतात. बायकांच्या बाबतीत हा फरक बराच कमी होता. म्हणजे चांगुलपणा हा गुण असला तरी बाजारात त्याला भाव मिळेलच असं नाही. पगारवाढ मागताना भीड पडते, हे त्यामागचं एक कारण असावं असं मला वाटतं.

ही सगळी मोजमापं आपल्या गावात आणली तर काय होतं? तिथे एक गंमतच आहे. जगातल्या २३ अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली माहिती तपासून काही संशोधकांनी २०१९ साली दाखवून दिलं, की स्वभाव मोजायचे हे नेहमीचे प्रश्न तिथे धड कामच करत नाहीत. श्रीमंत देशातला सुशिक्षित माणूस संगणकापुढे एकटा बसून उत्तरं देतो. आपल्याकडे माणूस वही घेऊन दारात येतो. त्याला आधी पाणी दिलं जातं, चहा टाकला जातो, आणि मग तो विचारतो, “तुम्ही कष्टाळू आहात का?” हो. “तुम्ही कधीकधी आळस करता का?” पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? हो. दोन्हींना होकार! हे उत्तर चुकीचं नसतं, पाहुणचाराचा तो भाग असतो. पण आकडेमोडीत ते स्वभाव म्हणून नोंदलं जातं. तेव्हा खेड्यातली माणसं या गुणांत कमी पडतात असं कुणी आकड्यांच्या आधारानं सांगू लागलं, तर आधी प्रश्न कुणी, कुठे आणि कसे विचारले ते पाहावं.

आता शहराकडे येऊ. २००५ साली नॅसकॉम आणि मॅकिन्झी यांच्या अहवालात म्हटलं होतं, की भारतातल्या अभियंत्यांपैकी सुमारे २५ टक्केच बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या कामाला योग्य आहेत. त्या आकड्यानं महाविद्यालयांत खळबळ उडाली. पुढच्या काही वर्षांत तालुक्याच्या गावांतही ‘पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट’चे फलक झळकू लागले. हस्तांदोलन कसं करावं, टाय कसा बांधावा, खुर्चीत कसं बसावं. मे महिन्यात, पारा बेचाळीसवर असताना, पत्र्याच्या खोलीत टाय बांधायचा सराव करणारी मुलं मी पाहिली आहेत. हसू येई आणि वाईटही वाटे. कारण त्या मुलांच्या आईवडिलांनी फी भरताना काय मोडलं असेल याचा अंदाज मला होता.

याच काळातली आणखी एक नोंद. २००५ च्या देशव्यापी मानव विकास सर्वेक्षणाच्या आधारे केलेल्या अभ्यासात दिसलं, की अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्या पुरुषांची तासाची कमाई, इंग्रजी अजिबात न येणाऱ्यांपेक्षा सरासरी ३४ टक्के जास्त होती. तोडकंमोडकं इंग्रजी येणाऱ्यांची १३ टक्के जास्त. शिक्षणाचा, वयाचा, भागाचा फरक हिशेबात धरूनही हे अंतर उरलं. माझ्या मते शहरात आपण ज्याला ‘कम्युनिकेशन’ म्हणतो, त्यात कौशल्य किती आणि घरात लहानपणापासून इंग्रजी कानावर पडल्याचा भाग किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणारा मुलगा संवादात कमी असतो असं नाही. त्याचा ‘ण’ फक्त वेगळा असतो.

काही वर्षांपूर्वी एका कंपनीची माणसं आमच्या महाविद्यालयात मुलाखतीला आली होती. व्यवस्था पाहायला मी होतो. बी.कॉम.चा एक मुलगा होता. दोन वर्षं तो पहाटे गावातल्या दूध संकलन केंद्रावर काम करून मग कॉलेजला येई. दूध मोजायचं, फॅट लावायची, नोंद करायची. फॅट कमी लागली की रोज कुणीतरी भांडायला उभं. “काल साडेचार होती, आज चार कशी?” हा मुलगा पुन्हा नमुना घेई, यंत्रावर समोर लावून दाखवी, आणि म्हातारी बाई असली तर म्हशीला सरकी किती घालता म्हणून चौकशीही करी. वाद तिथेच मिटे. त्याच्या कागदावर मुलाखतकारांचा शेरा होता, ‘आत्मविश्वास कमी, संवादकौशल्य सुधारण्याची गरज.’ तो त्यांच्याकडे न पाहता टेबलाकडे पाहून बोलला होता, एवढंच कारण. वडीलधाऱ्यांपुढे आमच्याकडे तसंच बोलतात. त्या कंपनीला ग्राहकांच्या तक्रारी हाताळणारी माणसं हवी होती!

तरीही शहराच्या बाजूनं एक गोष्ट सांगायला हवी. तिथे स्वभावाला उशिरा का होईना, भाव मिळण्याची शक्यता असते. एका दुकानात कदर झाली नाही तर चांगला विक्रेता समोरच्या दुकानात जातो. मालक अनेक, कामं अनेक, आणि ‘पोरगा चांगला आहे’ ही बातमी फोनवरून पोहोचते. खेड्यात नेमकी इथेच गाडी अडते.

खेड्यातली कमाई कशी ठरते ते पाहा. लासलगावसारख्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव ज्यांनी पाहिला असेल त्यांना माहीत आहे. ट्रॉलीभोवती व्यापाऱ्यांचा घोळका येतो, कांदा हातात घेऊन पाहिला जातो, बोली लागते आणि थोड्या वेळात घोळका पुढच्या ट्रॉलीकडे सरकतो. शेतकरी गोडबोल्या आहे की घुमा, वक्तशीर आहे की आळशी, याच्याशी त्या भावाचा संबंध नाही. स्वभाव त्यानं वर्षभर शेतात खर्च केलेला असतो. काटेकोर माणसाचा माल चांगला असतो आणि त्याला थोडा अधिक भाव मिळतोही. पण निर्यातीवर बंधन आलं किंवा आवक वाढली की त्या काटेकोरपणासकट भाव खाली येतो. तोच शेतकरी आठवडी बाजारात पोतं मांडून किरकोळ विकायला बसला, की मात्र म्हणीतली माती आणि सोनं दोन्ही खरी ठरतात.

मजुरीचं तर याहून स्पष्ट आहे. खुरपणीला पंधरा बायका गेल्या तर पंधराही जणींना एकच हजेरी. जी वेळेवर येते, पात सरळ धरते, पिकाचं रोप उपटत नाही, तिला तेवढीच, आणि जी बांधावर बसून असते तिलाही तेवढीच. आणि त्याच शेतात पुरुषाची हजेरी बाईपेक्षा जास्त, मग तो कामाला कसाही असो. म्हणजे बाईच्या स्वभावाचा हिशेब सुरू व्हायच्या आधीच तो बंद झालेला असतो.

असं का, कामसू बाईला चार पैसे जास्त का देत नाहीत, असा प्रश्न शहरातल्या माणसाला पडतो. याचं एक उत्तर ओडिशातल्या प्रयोगात सापडतं. तिथे संशोधकांनी शेतीच्या रिकाम्या हंगामात ३७८ मजुरांना छोट्या कारखान्यांत हातकामाला लावलं. काही गटांत सगळ्यांना एकच मजुरी, काहींत कामाच्या वकुबाप्रमाणे कमीजास्त. शेजाऱ्यापेक्षा आपल्याला कमी मिळतं हे कळल्यावर माणसांनी काम कमी केलं, आणि काही तर कामावर यायचेच बंद झाले. हातची मजुरी सोडून! जिथे कुणाचं काम किती हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसत होतं, तिथे मात्र हा रोष दिसला नाही. २०१८ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्या गावातल्या कुठल्याही शेतकऱ्याला तो वाचून दाखवा, तो म्हणेल, यात नवीन काय? एकीला दहा रुपये जास्त दिले, तर उद्या शेतात कुणी येणार नाही.

मग खेड्यात स्वभावाला भाव नाहीच का? आहे, पण तो रोख मिळत नाही. कामाला पहिलं बोलावणं कुणाला जातं, किराणा दुकानदार कुणाच्या नावावर वही उघडतो, सावडीला माणसं कुणाकडे येतात, यात तो दिसतो. सालगड्याच्या बाबतीत तर तो चक्क रुपयांत दिसतो. विदर्भ-मराठवाड्यात गुढीपाडव्याला सालगड्याचं साल ठरतं. निर्व्यसनी, जनावरांना जीव लावणारा, रात्रीची वीज आली की न सांगता पाणी द्यायला उठणारा गडी असला, तर त्याला दोन-तीन शेतकरी विचारणा करतात आणि साल वाढतं. एकाच कामाला दोन मालक आले की स्वभावाला किंमत येते, मग ते शहर असो की खेडं.

आणि मुकादमाला कसं विसरता येईल? ऊसतोडीला जाणारे नवराबायको, म्हणजे एक कोयता, टनावर मजुरी घेतात. पहाटेपासून राबणं, एकमेकांना सांभाळणं, आजारी पोर पालावर ठेवून फडात उभं राहणं, हा सगळा चिवटपणा त्यांचा. पण कारखान्याशी बोलणं, उचल आणणं, टोळी जमवणं आणि टिकवणं हे मुकादमाचं. कमिशन त्याला मिळतं. बोलण्याचे पैसे मिळतात आणि सोसण्याचे मिळत नाहीत, याचं इतकं उघड उदाहरण दुसरं नसेल.

यावरून मला या विषयातला खरा प्रश्न वाटतो तो असा. गुण अंगी आल्यानं काम वाढतं, हे मान्य. पण वाढलेल्या कामाचे पैसे कुणाच्या खिशात जातात?

बंगळूरच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांत याचा पडताळा घेतला गेला. या कारखान्यांत शिलाईयंत्रावर बसणाऱ्या पुष्कळ मुली खेड्यांतून आलेल्या असतात. एका मोठ्या निर्यातदार कंपनीच्या पाच कारखान्यांत चिठ्ठ्या टाकून काही जणींची निवड झाली आणि त्यांना वर्षभरात सुमारे ८० तासांचं शिक्षण मिळालं. संवाद, वेळेचं नियोजन, पैशाचा हिशेब, अडचण आली तर निर्णय कसा घ्यायचा, असे विषय. शिलाईचं काही नाही. तरी त्यांचं उत्पादन, चिठ्ठी न निघालेल्यांच्या तुलनेत, १३.५ टक्क्यांनी वाढलं. शेजारी बसणाऱ्या, शिक्षण न मिळालेल्या मुलींचंही काम सुधारलं. शिक्षण संपून आठ महिने झाले तेव्हा कंपनीला घातलेल्या पैशावर अडीचशे टक्क्यांहून जास्त परतावा मिळाला होता. आणि त्या मुलींचा पगार? अर्धा टक्का वाढला. शंभर रुपयांना पन्नास पैसे!

मी हे आकडे वर्गात सांगे तेव्हा मुली हसत. मग एखादी विचारी, “सर, मग त्यांनी वाढवून का नाही मागितला?” प्रश्न बरोबर आहे. पण मागण्यासाठी नुसतं धाडस पुरत नाही, दुसरीकडे जायची सोय लागते. शिकलेलं कौशल्य दुसऱ्या मालकाला दिसतच नसेल, तर तो जास्त पगार देऊन बोलावणार कसा? शिलाई कापडावर दिसते, समजूतदारपणा दिसत नाही.

आता याच्या शेजारी पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो या छोट्या देशातलं उदाहरण ठेवा. तिथे १५०० लहान व्यावसायिकांचे तीन गट केले. एकाला हिशेब, विक्री, जमाखर्च असं नेहमीचं धंद्याचं शिक्षण दिलं. दुसऱ्याला स्वतः होऊन पाऊल कसं उचलावं, पुढची अडचण आधी कशी ओळखावी, अपयश आलं तरी नेटानं कसं लागून राहावं, हे शिकवलं. तिसऱ्याला काहीच नाही. २०१७ साली निष्कर्ष आले. दुसऱ्या गटाचा नफा सरासरी ३० टक्क्यांनी वाढला होता. नेहमीचं शिक्षण घेतलेल्यांची वाढ ११ टक्के होती आणि तीही योगायोग म्हणून सोडून देता येईल इतपतच. इथे फायदा ज्याचा त्याच्याकडे राहिला, कारण टपरी त्याची स्वतःची होती.

आपल्याकडे साताऱ्याच्या माण तालुक्यात, म्हसवडला, १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. चेतना सिन्हा यांनी ही हकिगत अनेकदा सांगितली आहे. संस्थापक बायकांना लिहितावाचता येत नाही म्हणून रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज फेटाळला. बायका घरी येऊन शिकायला बसल्या आणि काही महिन्यांनी पुन्हा अधिकाऱ्यांपुढे गेल्या. त्यांनी सांगितलं, वाचायला आम्ही शिकतोच आहोत, पण मोजता आम्हाला येतं. कोणत्याही रकमेचं व्याज विचारा, आणि तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटर न घेता करायला सांगा. परवाना मिळाला. या बायकांना ‘आत्मविश्वास कमी’ असा शेरा कुणी देऊ शकलं असतं का? त्यांचा स्वभाव तोच होता जो रोजंदारीवर कुणी विचारत नव्हतं. आता त्यांच्या हातात स्वतःची बँक आली होती.

मी राहतो त्या भागात गेल्या काही वर्षांत एक बदल दिसतो. कांदा लागवडीला बायका रोजानं जाणं कमी झालं आहे. त्या टोळी करून उक्तं घेतात, एकराला ठरावीक रक्कम. लवकर येतात, जेवणाची सुट्टी आखडती घेतात, दिवस मावळायच्या आत वाफे संपवतात आणि रोजंदारीपेक्षा बऱ्यापैकी जास्त घेऊन जातात. वेळेचा काटेकोरपणा पहिल्यांदाच त्यांच्या स्वतःच्या खिशात पडतो आहे. प्रत्येक टोळीला एक प्रमुख असते. शेतकऱ्यांचे फोन तीच घेते, भाव तीच ठरवते, पिकअपवाल्याशी घासाघीस तीच करते, दोघींचं भांडण झालं तर एकीला या टोकाला आणि दुसरीला त्या टोकाला लावून देते. कुठल्याही कंपनीत तिला व्यवस्थापक म्हटलं असतं.

अशा एका ताईंना मी विचारलं, “तुम्ही एवढं सांभाळता, वाटणीत तुमचा हिस्सा किती?”

“सगळ्यांइतकाच.”

“का? मुकादम तर कमिशन घेतो.”

“सर, मी जास्त घेतलं तर उद्या टोळी राहील का माझ्याजवळ?” असं म्हणून त्यांनी वाजणारा फोन उचलला, समोरच्याला परवाचा दिवस दिला, एकरी दोनशे रुपये वाढवून घेतले आणि फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, “मोबाइलचा रिचार्ज मात्र टोळीच्या पैशातून करते.”